जुन्या सायकलींची कार्यशाळा : दुकानही चालावं आणि मुलंही शिकावीत, तर हिशेब कसा मांडायचा?

रहाटगाडगं

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागाला लागून आम्ही काही जण जुन्या सायकली नीट करून विकायचं दुकान चालवतो. दुकानात काम करणारी बहुतेक मंडळी शिकाऊ आहेत. दहावी-बारावीला शिक्षण थांबलेली मुलं-मुली, ज्यांच्यासमोर ठेकेदाराकडे बारा-बारा तास पॅकिंग करण्याखेरीज फारसं काही नव्हतं. सहा महिने ती आमच्याकडे असतात, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळतं, आणि बाहेर पडताना कोणत्याही सायकल दुकानात उभं राहता येईल इतकं काम हातात बसलेलं असतं. आपल्या गावात असं करता येईल का, असे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे मांडतो. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी भर घालावी, विरोध असेल तर तोही मोकळेपणी लिहावा.

आधी माल कुठून येतो ते. २०२०च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद, रस्ते मोकळे, आणि गिअरच्या सायकलींना एकदम मागणी आली. त्यातल्या कितीतरी आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये खांबाला साखळीने बांधलेल्या आहेत. टायर बसलेले, चेन तांबडी, सीट फाटलेली. त्याच सोसायटीचा रखवालदार, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाया, शेजारच्या बांधकामावरचा सेंट्रिंगवाला, ही माणसं रोज चार-पाच किलोमीटर चालतात, नाहीतर शेअर रिक्षाला पैसे घालतात. पडून असलेली सायकल आणि तिची गरज असलेला माणूस यांच्यात बऱ्याचदा फक्त एक फाटक असतं.

सोसायटीच्या कमिटीने 'घेऊन जा' म्हटलं म्हणून आम्ही सायकल उचलत नाही. आधी नोटीस लागते, मग ज्याची सायकल त्याची सही, फ्रेम नंबर आणि फोटो. नंबर बहुतेक सायकलींना पेडलच्या मधल्या नळीखाली, म्हणजे बीबीखाली ठोकलेला असतो. हे कागद नसतील तर उद्या एखादी सायकल चोरीची निघाल्यावर भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली उत्तर आपल्याला द्यावं लागेल, आणि शिकाऊ मुलांच्या वस्तीत पोलीस आले की पुढची बॅच येत नाही. या बाबतीत मी हट्टी आहे.

आलेल्या सायकलीत पहिली पाहायची ती फ्रेम. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या जोडाला तडा असेल आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर ती सायकल रस्त्यावर जात नाही. तिचे भाग काढायचे आणि फ्रेम भंगारात. लोखंडी फ्रेम जोडता येते, पण तिथेही चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला तडा असेल तर चिमटा बदलायचाच. मग भागांचा अंदाज : टायर-ट्यूब, चेन, फ्री-व्हील, ब्रेक शू, वायरी. हा खर्च विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांशावर जात असेल तर ती सायकल दुरुस्त करायची नाही, तिच्यावर शिकायचं. सगळ्यात चांगली शिकवण याच मोडीतल्या सायकलींवर होते, कारण बिघडायची भीती नसते. पहिले तीन आठवडे मुलं फक्त उघडतात आणि जोडतात. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं आणि बहुतेक सायकलींत बीबीचा उजवा कपही उलट्या आट्याचा असतो, हे पुस्तकातून सांगून कळत नाही. पाना चुकीच्या दिशेने लावून दमल्यावर कळतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. जाणत्या माणसाला एका सायकलीचं पूर्ण ओव्हरहॉलिंग करायला चार तास लागतात असं धरा. दुसऱ्या महिन्यातल्या शिकाऊ मुलाला त्याच कामाला दीड दिवस लागतो, वर शिकवणाऱ्या वस्तादांचे दोन तास जातात. गिऱ्हाईक मात्र त्या सायकलीला एका रुपयाने जास्त देणार नाही, आणि त्याने का द्यावेत? तेव्हा चार तासांच्या वरचा जो वेळ आहे, तो दुकानाचा खर्च नाही. तो शाळेचा खर्च आहे. प्रत्येक सायकलीला जॉब कार्ड लावा, त्यावर कोणाचे किती तास गेले ते लिहा, आणि महिन्याच्या शेवटी दोन खाती वेगळी काढा. दुकानाचं खातं स्वतःच्या पायावर उभं राहिलंच पाहिजे : भाडं, वीज, सुटे भाग, जाणत्या मिस्त्रीचा पगार. शाळेचं खातं सायकली विकून भरून निघणार नाही, कधीच नाही, आणि त्यासाठी पैसा वेगळा उभा करावा लागतो. ही दोन खाती एकत्र केली की दोनपैकी एक होतं. एकतर तोटा झाकायला मुलांकडून फक्त पंक्चर आणि हवा भरण्याचं काम करून घेतलं जातं, म्हणजे ती स्वस्तातली मजूर होतात. नाहीतर मुलं छान शिकतात आणि दुकान वर्षात बंद पडतं.

सुरक्षेचा एकच नियम : स्वतः केलेल्या कामावर स्वतः सही करायची नाही. ब्रेक, चाकांचे नट, हँडलचा बोल्ट दुसऱ्याने तपासायचा, मग वस्ताद एक चक्कर मारून येणार, मग सायकल दर्शनी भागात.

हिरवीवाट

फार उपयुक्त. आमच्या सोसायटीत (वाकड) निदान वीसेक सायकली अशा पडून आहेत. सर्वसाधारण सभेत विषय घेते. नोटिशीचा मसुदा आहे का तुमच्याकडे?

रहाटगाडगं

@हिरवीवाट, आहे, व्यनि करतो. त्यात एक ओळ आवर्जून ठेवा : 'सायकल विकली जाईल आणि येणारा पैसा प्रशिक्षणासाठी वापरला जाईल.' देणाऱ्याला वाटतं की आपली सायकल गरीब मुलाला फुकट मिळेल, आणि नंतर ती विकायला लावलेली दिसली की मन दुखावतं. आधीच सांगितलेलं बरं.

आऊट_काढा

मिरजेत आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमचं लिखाण मनापासून वाचलं, आणि विरोध लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीत अशीच एक संस्था आली होती. माल फुकट, पोरांना पगार देणगीतून, जागा कुणाची तरी. त्यांनी जुन्या सायकली ज्या भावात लावल्या त्या भावात मी टायर-ट्यूबसुद्धा बसवू शकत नाही. दोन वर्षांनी देणगी संपली, संस्था गेली. तोवर शेजारच्या दोन दुकानदारांनी सायकलचं काम सोडून मोबाईलची कव्हरं विकायला घेतली होती. त्यातला एक माणूस असा होता की चिमटा वाकलेली सायकल नुसत्या नजरेने सरळ करायचा. तो गेला, त्याच्याबरोबर ते कसब गेलं.

तुम्ही शिकवताय ती पोरं उद्या काम मागायला आमच्याकडेच येणार ना? आमचीच दुकानं राहिली नाहीत तर त्यांना ठेवणार कोण? एका पंक्चरला जे मिळतं त्यात सोल्यूशन, पॅच, पाणी, वीज आणि माझा वेळ. तिथे पगारी मिस्त्री ठेवायचा म्हणजे पोटाला चिमटा. तुम्ही दोन खाती म्हणता ते शंभर टक्के बरोबर, पण त्यात तिसरं खातं मांडा : शेजारच्या दुकानाचं काय झालं?

रहाटगाडगं

@आऊट_काढा काका, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. हाच प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो.

आम्ही काय करतो ते सांगतो, पुरेसं आहे असा दावा नाही. पंक्चर, हवा, किरकोळ दुरुस्ती घेत नाही. कुणी आलं तर आसपासच्या तीन दुकानांची नावं भिंतीवर लिहिलेली आहेत, तिकडे पाठवतो. सुटे भाग ऑनलाइन स्वस्त मिळाले तरी शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडूनच घेतो, तिथेच ही दुकानंही घेतात. किंमत ठरवताना आधी त्या तीन दुकानांत जुन्या सायकलीचा भाव विचारतो आणि त्याच्या खाली जात नाही. माल फुकट आला म्हणून भाव पाडायचा नाही, कारण तो फुकटपणा शाळेच्या खात्याचा आहे, गिऱ्हाइकाच्या सवलतीचा नाही.

आणि आमचे दोन्ही वस्ताद तुमच्यासारखेच जुने दुकानदार आहेत. एकाची मुलं नोकरीला लागली, दुकानाचं शटर खाली आलं. त्यांना रोजाने नाही, महिन्याने पगार. तो पगार शाळेच्या खात्यात पडतो, शिक्षकाचा म्हणून.

हिशेबनीस

व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, तीन-चार सामाजिक संस्थांचं काम पाहते. रहाटगाडगं यांच्या दोन खात्यांना कायद्याचाही आधार आहे. प्राप्तिकर कायदा १९६१, कलम ११(४अ) (हा कायदा मार्च २०२६ पर्यंतचा, त्यानंतर २०२५चा नवा कायदा; इथली प्राप्तिकराची कलमं जुन्या कायद्याची आहेत) : धर्मादाय संस्थेने धंदा केला तर तो तिच्या उद्दिष्टाला पूरक हवा आणि त्याच्या हिशेबवह्या स्वतंत्र हव्यात. म्हणजे हा शहाणपणाचा सल्ला आहेच, पण ती अटही आहे.

बाकी जे प्रश्न मला नेहमी विचारले जातात ते लिहिते.

संस्थेचा प्रकार. सार्वजनिक न्यास (महाराष्ट्राचा १९५०चा कायदा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी) किंवा कंपनी कायदा २०१३च्या ८व्या कलमाखालची कंपनी. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा पैसा घ्यायचा विचार असेल तर १२ए (संस्थेची करसवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसूट देणारी मान्यता) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची नोंदणी) ही तिन्ही लागतात, शिवाय अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे पहिली तीन वर्षं तो पैसा येईल असं धरून अंदाजपत्रक करू नका. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात रोजगाराभिमुख व्यावसायिक कौशल्यं स्पष्ट लिहिलेली आहेत, तेव्हा काम पात्र आहे.

सायकल देणाऱ्याला ८०जी ची सूट मिळत नाही. ती सूट पैशाच्या देणगीलाच आहे, वस्तूला नाही. रोख दिलं तर २००० रुपयांपर्यंतच. अनेक संस्था नकळत सायकलीची पावती ८०जी चा शिक्का मारून देतात, ते करू नका.

जीएसटी. फक्त वस्तू विकत असाल तर नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख. पण दुरुस्तीची मजुरी घेतली की ती सेवा झाली, मग मर्यादा २० लाखांची. नोंदणी झाल्यावर जुन्या मालाला नियम ३२(५) लावता येतो : किरकोळ प्रक्रिया करून, मूळ वस्तू न बदलता विकली, आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल, तर कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर. देणगीत आलेल्या सायकलीला खरेदीच नाही, त्यामुळे तिथे पूर्ण किंमत हाच फरक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा दर १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्याचा फायदा भाग घेताना दिसेल.

शिकाऊ मुलं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ : तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत मिळू शकतो. आणि चौदा वर्षांखालचं मूल कोणत्याही कारणाने कामाला नको, 'शिकायला येतं' म्हणूनसुद्धा नको.

चार्ल्सकाठी

बॉस्टनजवळ राहते. इथे जमैका प्लेन भागात 'बाइक्स नॉट बॉम्ब्स' नावाची संस्था आहे, १९८४मध्ये सुरू झालेली. अमेरिकेचं सरकार निकाराग्वात युद्धाला पैसा पुरवत होतं, त्याला विरोध म्हणून यांनी तिथे सायकली पाठवल्या, नावही त्यावरून. आज त्यांचं दुकान आहे, जुन्या सायकली नीट करून विकतात, आणि शेजारीच मुलांना शिकवतात. 'अर्न-अ-बाइक' हा त्यांचा वर्ग : मूल जुनी सायकल उघडून जोडायला शिकतं, आणि शेवटी स्वतः दुरुस्त केलेली सायकल त्याची होते. पुढे यातल्याच काही किशोरवयीन मुलांना पगार देऊन लहानांना शिकवायला ठेवतात.

मला यातली एक गोष्ट आपल्याकडे न्यावी असं फार वाटतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात दोन-तीन वर्षांचंच अंतर असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला सतरा वर्षांची मुलगी चेन तोडायला शिकवते तेव्हा विचारायची भीती राहत नाही. तुमच्या जुन्या बॅचमधल्या एखाद्याला 'छोटा वस्ताद' म्हणून ठेवता का?

त्यांनी परदेशात ज्या कार्यशाळांना हात दिला त्यात घानातल्या कोफोरिडुआची 'अ‍ॅबिलिटी बाइक्स' आहे. ती अपंग माणसांची सहकारी संस्था, दुकान तेच चालवतात. नामिबियातही असंच काम २००५ पासून झालं : जुन्या सायकली भरून आलेला कंटेनरच गावात ठेवायचा आणि त्यालाच दुकान करायचं. भाड्याच्या जागेचा प्रश्न ज्यांना आहे त्यांनी विचार करावा.

रहाटगाडगं

@चार्ल्सकाठी, ठेवतो, आणि छोटा वस्ताद हे नाव घेतलं मी. फक्त 'शेवटी सायकल त्याची' हे आमच्याकडे जसंच्या तसं नाही चालणार. वीस वर्षांच्या मुलाला घरी पैसे द्यायचे असतात, त्याला सायकल नको, पगार हवा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत तसा वर्ग घेता येईल.

शिवारफेरी

बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर शिक्षक आहे. शहरातल्या मंडळींनी आमच्याकडचंही ऐकावं.

मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. चांगली योजना आहे. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी केलेल्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली असं निघालं. सायकलीने मुलगी शाळेत येते, हे मी रोज बघतो.

पण सायकल मिळाल्यावर पहिल्या पावसात काय होतं? ब्रेकची वायर गंजते, मागचं चाक डुगडुगतं, बाभळीच्या काट्याने ट्यूबची चाळण. दुरुस्तीला तालुक्याला न्यावी लागते. बाप कामावर, भाऊ लहान, सायकल भिंतीला टेकते आणि मुलगी पुन्हा चालायला लागते, किंवा यायचीच बंद होते. आमच्या पंचक्रोशीत सायकलचं काम जाणणारा एकही माणूस उरलेला नाही. सगळे मोटरसायकलकडे गेले. इथे काकांच्या तिसऱ्या खात्याचा प्रश्नच नाही, कारण शेजारी दुकानच नाही.

अडचण दुसरी आहे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पोरगं अठराचं झालं की त्याचाही कोयता धरलेला असतो. तुमचं सहा महिन्यांचं विद्यावेतन त्या उचलीपुढे काहीच नाही. मार्च-एप्रिलपर्यंत गाव अर्धं रिकामं. मग सहा महिन्यांचा सलग वर्ग इथे कसा बसवायचा?

रहाटगाडगं

@शिवारफेरी सर, तुमच्याकडे वर्ग मे ते सप्टेंबर बसवा. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा सायकलींना सगळ्यात जास्त मागणी असते, आणि पावसाळ्यात तुम्ही म्हणता तसं सगळं गंजतं, म्हणजे कामही मिळतं. शिवाय जे टोळीबरोबर जात नाहीत, म्हातारी माणसं आणि मागे राहिलेल्या मुली-बाया, त्यांना शिकवायचा विचार करा. मला वाटतं तुमच्या गावात मेकॅनिक मुलगीच हवी. वर्गातल्याच मुलींच्या सायकली, त्यांनाच येणारा प्रश्न.

कोकणकडा

इथे थांबवून काही सांगते. नाशिकला मुलींच्या तांत्रिक प्रशिक्षणाचं काम करते. 'मुलींना घ्या' हे वाक्य छान वाटतं, पण तयारीशिवाय घेतलं तर मुली महिन्याभरात जातात आणि मग सगळे म्हणतात की मुलींना हे जमत नाही.

पहिली गोष्ट स्वच्छतागृह. दुकानात, कुलूप लागणारं, पाणी असलेलं. शेजारच्या हॉटेलचं चालणार नाही. दुसरी, वेळ. सहाला दिवेलागण होते तिथे आठपर्यंत काम ठेवलं की घरून बंद. तिसरी, एकटी मुलगी कधीही घ्यायची नाही, किमान तीन. एकटी असली की तिला नकळत झाडलोट, चहा आणि पावत्या लिहिण्याचं काम मिळतं. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. चौथी, गिऱ्हाईक. समोर मुलगी पाना घेऊन उभी असते आणि माणूस विचारतो, 'मेकॅनिक कुठाय?' तेव्हा वस्तादांनी पुढे यायचं नाही. 'त्याच बघतील' एवढंच म्हणायचं आणि आपलं काम करत राहायचं. हे वस्तादांना आधी समजावून सांगावं लागतं, कारण मदत करणं त्यांच्या स्वभावात असतं.

पालकांना एकदा दुकानात बोलवा. आईने पोरीला चाक बसवताना पाहिलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. बायकांनी सायकल हाती घेतली की गावात काय हलतं, ते त्या जिल्ह्याने दाखवून दिलंय. आता पाना हाती घ्यायची वेळ आहे.

लोहारवाडा

ई-सायकलींचं काय? आमच्याकडे (कोल्हापूर) डिलिव्हरीची पोरं आता त्याच वापरतात. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असली की नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही, त्यामुळं वाढतच जाणार. शिकवणाऱ्याने हे धरलं नाही तर पोरं बाहेर पडेपर्यंत बाजार पुढे गेलेला असेल. हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) मोटर, कंट्रोलर, ब्रेक दाबल्यावर मोटरची वीज तोडणारा स्विच, मल्टिमीटर धरता येणं, एवढं आलं तरी पोरगं पगार वाढवून मागू शकतं. फक्त जुन्या लिथियम बॅटऱ्या दुकानात साठवू नका आणि रात्री चार्जिंगला लावून घरी जाऊ नका. फुगलेली बॅटरी उघडायची नाही, २०२२च्या नियमांप्रमाणे ती उत्पादकाकडे किंवा अधिकृत पुनर्वापरवाल्याकडेच गेली पाहिजे.

रहाटगाडगं

@लोहारवाडा, मान्य. आम्ही शेवटच्या महिन्यात मल्टिमीटर देतो, पण तो अर्धवट आहे. शिकवायला येऊ शकणारं कुणी असेल तर सांगा, मानधन देऊ.

@कोकणकडा ताई, स्वच्छतागृहाचा मुद्दा जागा शोधतानाच पाहावा लागतो, नंतर बांधू म्हणून चालत नाही. ज्यांना सुरू करायचंय त्यांनी ताईंचा प्रतिसाद छापून ठेवावा.

आऊट_काढा

भाव पाडत नाही आणि पंक्चर घेत नाही म्हणता, तर माझी अर्धी तक्रार गेली. अर्धी आहे अजून : देणगी संपल्यावर तुम्ही काय करणार ते दिसायचंय. पण पोरांना शिकवताय म्हणून एक सांगतो, चाकाचा आऊट (रिमचा वाकडेपणा) काढायला कसं शिकवायचं ते, कारण सगळीकडे हेच चुकीचं शिकवतात.

पोरगं स्पोक की (स्पोक आवळायची चावी) घेतं आणि जिथे रिम ब्रेकला घासते तिथलाच एक निपल (स्पोकच्या टोकाचा नट) आवळत सुटतं. रिम तिथे सरळ होते, पलीकडे जाते. पहिले दोन दिवस की हातात द्यायचीच नाही. चाक उलट्या सायकलवर फिरवायचं, डोळ्याने बघायचं, आणि स्पोक बोटाने छेडून आवाज ऐकायचा. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. जो सैल तो बद्द वाजतो. मागच्या चाकाला फ्री-व्हीलच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, दोन्ही बाजू एका सुरात आणायला जाऊ नये. मग की द्यायची. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागी उजवीकडून येणारे दोन आवळा, डावीकडचा एक सैल करा, आणि पाव फेरीच्या वर एका वेळी कधीच नाही. आधी वर-खाली उडणं काढा, मग डावं-उजवं. गंजलेल्या निपलला आदल्या रात्री तेल सोडा, नाहीतर स्पोक तुटतो आणि पोरगं घाबरतं.

हबमधले बेअरिंगचे छर्रे मोजूनच टाकायला लावा. मागच्या हबला पाव इंची, बाजूला नऊ. पुढच्याला तीन षोडशांश, बाजूला दहा. जुन्यात नवे मिसळायचे नाहीत. एक जरी झिजलेला निघाला तरी सगळे बदलायचे.

रहाटगाडगं

काका, हे उद्याच वर्गात वाचून दाखवतो. मिरजेहून दोन-तीन दिवस इकडे आलात तर राहण्या-जेवणाची सोय आणि मानधन आमच्याकडे. आणि देणगी संपली तर? शाळा थांबेल, दुकान चालू राहील, मिस्त्री राहतील. म्हणूनच दुकानाचं खातं आधी उभं केलंय.

शिवारफेरी

मुख्याध्यापकांशी बोललो. शाळेची जुनी प्रयोगशाळेची खोली मिळू शकेल, मेमध्ये सुरू करू. मला कमीत कमी कोणती हत्यारं लागतील ते सांगा. पैसे ग्रामपंचायतीकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून जमतील असं दिसतंय.

रहाटगाडगं

सर, आठ मुलींचा वर्ग धरून लिहितो. ८ ते १७चे पाने दोन संच, अ‍ॅलन कीचा एक संच, कोनसाठीचे (हबमधलं बेअरिंग घट्ट-सैल करायचे) पातळ पाने १३ आणि १५चे दोन-दोन. स्पोक की तीन, चेन तोडायचं हत्यार दोन. फ्री-व्हील काढायचा पुलर आणि क्रँक पुलर एक-एक. जुन्या कॉटर पिनच्या (क्रँक खिळीने बसवलेल्या) सायकली असतील तर हातोडी आणि कानस. टायर लिव्हर, वायर कापायचा चांगला कटर, दाब दाखवणारा उभा पंप, एक व्हाइस, ग्रीस आणि तेल. ट्रुइंग स्टँड (आऊट काढायचा स्टँड) विकत घेऊ नका, जुना चिमटा व्हाइसमध्ये पकडून आमचं काम चालतं.

टायर मागवताना '२६ इंची' एवढंच सांगू नका, दुकानदार काहीही देतो. टायरच्या बाजूवर आकडा असतो : ५५९ म्हणजे रुंद टायरची एमटीबी (माउंटन बाइक), ५९० म्हणजे मुलींची बारीक टायरची २६, आणि ६३५ म्हणजे आपली जुनी काळी २८ इंची. हे एकमेकांना बसत नाहीत. मुलींकडून शाळेतल्या सगळ्या सायकलींचे आकडे आधी वहीत उतरवून घ्या, मग मागणी नोंदवा. आमच्याकडे ५९०चे काढलेले पण चालण्यासारखे टायर पडून आहेत, तुमच्याकडे येणारा कुणी असेल तर पाठवतो.